खलित्यापासून होलोग्रामपर्यंत : बोलणी करायला माणूस स्वतः का जातो?



आजचा विषय ऐकून काहींना वाटलं असेल, की इतिहासाच्या व्याख्यानमालेत हा होलोग्राम कुठून आला? हा तर विज्ञानाचा विषय, नाहीतर सिनेमाचा. पण आज मी ज्या प्रश्नाबद्दल बोलणार आहे तो खूप जुना आहे. दोन राज्यांमध्ये बोलणी व्हायची असतील, तर माणसानं स्वतः जावं लागतं का? त्याचा खलिता पाठवून भागतं का? पुढे तार आली, टेलिफोन आला, व्हिडिओ आला, तेव्हा प्रत्येक वेळी हा प्रश्न नव्यानं विचारला गेला. आता माणसाची सबंध आकृतीच हजारो किलोमीटरवर उभी करता येते. मग आता तरी प्रवास संपला का?

सुरुवात एका आठवड्यापासून करू. जून २०२२ चा तिसरा आठवडा. रशियानं युक्रेनवर आक्रमण केलं त्याला चार महिने होत आले होते. पॅरिस, लंडन आणि युरोपातल्या आणखी काही शहरांत तंत्रज्ञान क्षेत्रातले मोठे मेळावे चालू होते. त्या मेळाव्यांच्या व्यासपीठावर युक्रेनचे अध्यक्ष झेलेन्स्की अवतरले. ते स्वतः कीव्हमध्येच होते, व्यासपीठावर त्यांचा होलोग्राम होता. राष्ट्रप्रमुखानं असं येणं नेहमीचं नाही, असं म्हणत त्यांनी 'स्टार वॉर्स'चा उल्लेख करून थोडा विनोदही केला, आणि मग कंपन्यांकडे मदत मागितली.

आता त्याच आठवड्यात दुसरं काय घडलं ते बघा. १६ जूनला फ्रान्सचे अध्यक्ष मॅक्राँ, जर्मनीचे चान्सलर शोल्त्झ आणि इटलीचे पंतप्रधान द्रागी पोलंडहून रात्रीच्या रेल्वेनं कीव्हला पोचले. रोमानियाचे अध्यक्ष योहानिस त्यांना तिथे येऊन मिळाले. युक्रेनला युरोपीय संघाच्या सदस्यत्वाचा उमेदवार मानावं, असं या चौघांनी कीव्हमध्ये उभं राहून जाहीर केलं. आठवडाभरात, २३ जूनला, युरोपीय संघानं तो दर्जा दिलासुद्धा.

म्हणजे एकाच आठवड्यात एक प्रतिमा पश्चिमेकडे गेली आणि चार माणसं पूर्वेकडे आली. दोन्हींचं काम वेगळं होतं. ते वेगळेपण काय, हे आज आपल्याला समजून घ्यायचं आहे.

आधी तंत्रज्ञानाबद्दल थोडं सांगतो, कारण इथे शब्दांचा बराच गोंधळ आहे. खरी होलोग्राफी शोधली डेनिस गॅबर या हंगेरीत जन्मलेल्या शास्त्रज्ञानं, १९४७ साली, इंग्लंडमध्ये. वस्तूवरून येणाऱ्या प्रकाशाची नुसती तीव्रता न नोंदवता त्याच्या लहरींची सगळी ठेवण नोंदवायची, म्हणजे नंतर तोच प्रकाश जसाच्या तसा पुन्हा उभा करता येतो, ही त्यामागची कल्पना. १९६० मध्ये लेझर आला आणि ही कल्पना नीट प्रत्यक्षात आली. १९७१ मध्ये गॅबर यांना नोबेल मिळालं. तुमच्या क्रेडिट कार्डावरचं ते चमचमणारं चित्र या घराण्यातलं.

पण व्यासपीठावर पुढाऱ्यांची जी आकृती दिसते, ती बहुतेक वेळा या घराण्यातली नसतेच. ती आहे एकोणिसाव्या शतकातल्या नाटकातली युक्ती. १८६२ च्या नाताळात लंडनच्या रॉयल पॉलिटेक्निकमध्ये जॉन पेपर यांनी डिकन्सच्या एका कथेचा प्रयोग केला आणि त्यात रंगमंचावर भूत आणलं. मूळ कल्पना हेन्री डर्क्स या अभियंत्याची, पण नाव पडलं 'पेपरचं भूत'. (हशा) वर्तमानपत्राचा इथे संबंध नाही. रंगमंचावर एक मोठी काच तिरकी उभी करायची. प्रेक्षकांना न दिसणाऱ्या खड्ड्यात नट उभा करायचा, त्याच्यावर झगझगीत प्रकाश टाकायचा. त्याचं प्रतिबिंब काचेत पडतं आणि तो रंगमंचावर तरंगतोय असा भास होतो. आज काचेच्या जागी ताणून बसवलेला पारदर्शक पडदा असतो आणि नटाच्या जागी प्रोजेक्टर. तत्त्व तेच.

हे मुद्दाम सांगितलं, कारण या युक्तीची मर्यादा तिच्या जन्मातच आहे. ती समोर बसलेल्या प्रेक्षकांसाठी बनलेली आहे. भूत प्रेक्षकांना दिसतं, भुताला प्रेक्षक दिसत नाहीत.

राजकारणात तिचा वापर झाला तोही तसाच. जानेवारी २००८ मध्ये ब्रिटनचे तेव्हाचे युवराज चार्ल्स अबू धाबीच्या ऊर्जा परिषदेत होलोग्रामच्या रूपात बोलले. पर्यावरणावर बोलायला विमानानं जायचं आणि धूर सोडायचा, हे टाळायचं होतं. आपल्याकडे डिसेंबर २०१२ च्या गुजरात विधानसभा निवडणुकीत नरेंद्र मोदींच्या अशा सभा झाल्या, आणि २०१४ च्या लोकसभेला तर शेकडो ठिकाणी झाल्या. जानेवारी २०१४ मध्ये तुर्कस्तानचे एर्दोआन इझमीरच्या पक्षमेळाव्यात असेच प्रकटले. फेब्रुवारी २०१७ मध्ये फ्रान्सचे मेलाँशाँ ल्योनमध्ये बोलत होते आणि त्याच क्षणी पॅरिसजवळच्या सभेतही दिसत होते. या सगळ्या सभा, भाषणं. एकानं बोलायचं, बाकीच्यांनी ऐकायचं. बोलणी एकाही ठिकाणी झाली नाहीत.

मग बोलणी कशावर चालतात? इथे आपल्या इतिहासात जाऊ.

जुन्या मराठीत 'वकील' म्हणजे कोर्टातला वकील नव्हे. वकील म्हणजे एका दरबारानं दुसऱ्या दरबारात ठेवलेला माणूस. धनी स्वतः सहसा जायचा नाही, वकील जायचा. म्हणूनच १६६६ मध्ये शिवाजी महाराज स्वतः आग्र्याला गेले ही घटना असाधारण ठरते. आदल्या वर्षी पुरंदरचा तह झालेला. मिर्झाराजे जयसिंगांनी शब्द दिला होता, आणि आग्र्यात त्यांचा मुलगा रामसिंग जबाबदार होता. १२ मे १६६६ ला औरंगजेबाच्या वाढदिवसाच्या दरबारात महाराज हजर झाले. पुढे काय झालं ते तुम्हाला ठाऊक आहे. त्यांना मागच्या रांगेत उभं केलं गेलं. तो अपमान त्यांनी तिथेच, भर दरबारात बोलून दाखवला. मग पहारे बसले, आणि ऑगस्टमध्ये सुटका.

यातून दोन गोष्टी घ्या. पहिली, माणूस कुठे उभा आहे हे स्वतःच एक राजकीय विधान असतं. एक रांग मागे, की संबंध तुटले. दुसरी, जो स्वतः जातो तो स्वतःला ओलीस ठेवतो. महाराजांच्या जाण्याला वजन आलं ते याच कारणानं. आग्र्याला होलोग्राम पाठवता आला असता, तर आपल्या परंपरेतले ते मिठाईचे पेटारे लागले नसते. (हशा) पण मग औरंगजेबाच्या लेखी त्या भेटीला किंमतही राहिली नसती, आणि मिर्झाराजांच्या शब्दालाही नाही. शब्द देणाऱ्याची परीक्षा तिथेच होते, जिथे शब्द मोडला तर कुणाचा तरी जीव जाऊ शकतो.

आता दोनशे वर्षं पुढे येऊ. ऑगस्ट १८५८. अटलांटिक महासागराच्या तळाशी टाकलेल्या तारेवरून राणी व्हिक्टोरियानं अमेरिकेचे अध्यक्ष ब्युकॅनन यांना संदेश पाठवला. ९८ शब्दांचा तो संदेश पोचायला सुमारे १६ तास लागले आणि काही आठवड्यांतच ती तार बंद पडली. पण लोकांचा उत्साह इतका, की आता राष्ट्रांमध्ये गैरसमजच राहणार नाहीत, युद्धं संपतील, असं लिहिलं जाऊ लागलं. हे वाक्य लक्षात ठेवा. प्रत्येक नव्या यंत्राबरोबर ते परत येतं. तार आली, टिकली, जगभर पसरली, आणि १९१४ च्या जुलैमध्ये युरोपच्या राजधान्या एकमेकींना तारा करत करतच महायुद्धात शिरल्या.

त्याहून शिकवणारं उदाहरण शीतयुद्धातलं. ऑक्टोबर १९६२, क्यूबाचा पेच. ख्रुश्चेव्ह यांचा एक लांबलचक संदेश वॉशिंग्टनला मिळून त्याचा उलगडा व्हायला जवळजवळ १२ तास गेले. शेवटच्या दिवशी तर मॉस्कोनं आपलं उत्तर सरळ रेडिओवरून जगाला ऐकवलं, कारण तोच सगळ्यात जलद मार्ग होता. यातून धडा घेऊन जून १९६३ मध्ये जिनिव्हात करार झाला आणि ३० ऑगस्ट १९६३ ला 'हॉटलाइन' सुरू झाली.

हॉटलाइन म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर लाल टेलिफोन येतो. सिनेमानं तो आपल्या डोक्यात बसवला आहे. प्रत्यक्षात तिथे टेलिफोन नव्हताच. तो होता टेलिप्रिंटर. लंडन, कोपनहेगन, स्टॉकहोम, हेलसिंकी असा फिरत जाणारा मार्ग, आणि प्रत्येकानं आपापल्या भाषेत टंकायचं. आवाज पाठवण्याची सोय त्या काळी होती, तरी ती जाणूनबुजून टाळली. का? आवाजात सूर असतो. सूर चुकीचा ऐकू येतो. दुभाष्या घाईत असतो. समोरचा चिडलाय की थकलाय, हे कळत नाही, आणि अण्वस्त्रं हातात असताना असा अंदाज बांधणं परवडत नाही. कागदावरचं वाक्य दोनदा वाचता येतं, उत्तर देण्याआधी चार माणसांना विचारता येतं. १९६७ च्या जूनमध्ये अरब-इस्रायल युद्धाच्या वेळी दोन्ही बाजूंनी ही लाइन वापरली, आणि ती उपयोगी पडली.

म्हणजे बघा, संकटाच्या क्षणी मुत्सद्द्यांनी जास्त हुबेहूब साधन नाकारून कमी हुबेहूब साधन घेतलं. होलोग्राम विकणारे म्हणतात, की जितकं खरं वाटेल तितकं चांगलं. इतिहास म्हणतो, ते कामावर अवलंबून आहे.

मग समोरासमोर भेटण्याचं काम कोणतं? कॅम्प डेव्हिड घ्या. सप्टेंबर १९७८. अमेरिकेचे अध्यक्ष कार्टर यांनी इजिप्तचे सादात आणि इस्रायलचे बेगिन यांना त्या डोंगरातल्या विश्रामस्थानी बोलावलं. १३ दिवस. गंमत अशी, की पहिल्या काही दिवसांनंतर सादात आणि बेगिन एकमेकांसमोर फारसे बसलेच नाहीत, कारण बसले की भांडण. कार्टर एका कुटीतून दुसऱ्या कुटीत मसुदे घेऊन फिरत होते. शेवटच्या दिवशी सगळं फिसकटायला आलं. तेव्हा बेगिन यांच्या नातवंडांसाठी मागितलेली छायाचित्रं घेऊन कार्टर स्वतः त्यांच्या कुटीत गेले. प्रत्येक छायाचित्रावर त्यांनी त्या त्या नातवंडाचं नाव घालून सही केली होती. बेगिन ती नावं वाचत गेले आणि त्यांचा आवाज कापू लागला, असं कार्टर यांनी लिहून ठेवलं आहे. त्या दिवशी तडजोड झाली. केवळ छायाचित्रांमुळे झाली असं मी म्हणत नाही. पण १३ दिवस एका कुंपणात अडकून पडल्याशिवाय, बाहेर पत्रकार थांबलेले असताना रिकाम्या हातानं परत जायची लाज वाटल्याशिवाय, ती झाली नसती. पडद्यावरची बैठक बटण दाबून संपवता येते. कॅम्प डेव्हिड तशी संपवता येत नव्हती.

याची अलीकडची चाचणी करोनानं घेतली. २०२० मध्ये जगानं नाइलाजानं एक प्रचंड प्रयोग केला. मे महिन्यात आपल्या राष्ट्रपती भवनात इतिहासात प्रथमच सात देशांच्या राजदूतांनी व्हिडिओवरून आपली अधिकारपत्रं राष्ट्रपतींना सादर केली. सप्टेंबरमध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत नेत्यांची आधी चित्रित केलेली भाषणं दाखवली गेली. जे ठरलेलं होतं, जे औपचारिक होतं, ते सगळं नीट पार पडलं. पण युरोपीय संघापुढे ७५० अब्ज युरोंच्या निधीचा वाद होता. कुणी किती द्यायचं, कुणाला अनुदान, कुणाला कर्ज. १९ जूनला २७ देशांचे नेते व्हिडिओवर भेटले आणि निर्णय न होता उठले. १७ जुलैला ते मास्क लावून ब्रसेल्समध्ये जमले. त्या दिवशी जर्मनीच्या मर्केल आणि पोर्तुगालचे कोस्ता या दोघांचाही वाढदिवस होता, भेटवस्तू दिल्या-घेतल्या गेल्या, आणि मग चार दिवस-रात्र कडाक्याची भांडणं झाली. २१ जुलैच्या पहाटे करार झाला. तोवर दोघातिघांच्या कितीतरी बैठका बाजूच्या खोल्यांत झाल्या होत्या. तडजोड तिथे शिजते, कारण तिथे माणूस जे बोलतो ते अजून त्याचं जाहीर मत झालेलं नसतं.

आता दुसरी बाजू. समोर दिसणारी आकृती खरी कशावरून? मार्च २०२२ मध्ये झेलेन्स्की शरणागती पत्करायला सांगताहेत असा बनावट व्हिडिओ पसरवला गेला. त्याच वर्षी जूनमध्ये कीव्हचे महापौर क्लिच्को यांचं सोंग घेऊन कुणीतरी बर्लिन, माद्रिद आणि व्हिएन्नाच्या महापौरांशी व्हिडिओवर बोललं. व्हिएन्नाच्या महापौरांना संभाषण संपेपर्यंत शंका आली नाही. जुन्या वकिलाकडे मोहोर असलेलं पत्र असायचं आणि त्या पत्रामागे त्याचा स्वतःचा जीव असायचा. प्रतिमेला मोहोर कशी लावायची, हा प्रश्न अजून सुटायचा आहे.

याउलट २५ फेब्रुवारी २०२२ ची ती छोटी चित्रफीत आठवा. आक्रमणाचा दुसरा दिवस, रात्रीची वेळ, झेलेन्स्की आणि त्यांचे चार सहकारी, हातातला मोबाइल. आम्ही इथेच आहोत, एवढंच सांगणं. तंत्र अगदी साधं. ताकद होती ती पाठीमागच्या कीव्हच्या रस्त्यात. जिथे मरण येऊ शकतं तिथे ते उभे आहेत, हे त्यात दिसत होतं. पुढे जूनमध्ये होलोग्राम गेला तेव्हा त्यामागे ही पत होती. ते येऊ शकत नव्हते, आणि का येऊ शकत नव्हते हे सगळ्यांना माहीत होतं.

म्हणून होलोग्राम निरुपयोगी आहे असा निष्कर्ष काढू नका. ज्याला जाता येत नाही, त्याच्यासाठी ते मोठं साधन आहे. आणि ते कुणाला वापरू द्यायचं हा प्रश्नही राजकीय आहे. सप्टेंबर २०२२ मध्ये झेलेन्स्कींना आमसभेत चित्रित भाषण करू द्यावं का, यावर संयुक्त राष्ट्रांत मतदान घ्यावं लागलं. बाजूनं १०१, विरोधात ७, तटस्थ १९. रशियाचं मत विरोधात, भारताचं बाजूनं.

तुवालूचंही बघा. प्रशांत महासागरातला सुमारे ११ हजार वस्तीचा देश. २०२१ च्या ग्लासगो हवामान परिषदेसाठी त्यांचे परराष्ट्रमंत्री सायमन कोफे यांनी गुडघाभर समुद्रात उभं राहून भाषण चित्रित केलं. सूट, टाय, समोर भाषणाचं स्टँड, आणि भोवती पाणी. तिथे पूर्वी जमीन होती. पुढच्या वर्षी त्यांनी सांगितलं, की देश बुडणार असेल तर त्याची संगणकात हुबेहूब प्रतिकृती करून ठेवू. २०२३ मध्ये तुवालूनं राज्यघटनेतच लिहिलं, की भूमी राहो न राहो, आमचं राज्य कायम आहे. एक दिवस असा येऊ शकतो, की त्या देशाचा प्रतिनिधी जगासमोर केवळ प्रतिमा म्हणूनच उभा राहील, कारण परत जायला त्याच्याकडे जागाच उरलेली नसेल. तेव्हा इतर देश त्याला राज्य मानतील का? त्याचं उत्तर कोणतंही यंत्र देणार नाही. ते माणसांनी द्यायचं आहे.

मला काळजी वाटते ती दुसऱ्या टोकाची. ज्यांना जाता येतं, ज्यांच्याकडे विमानं आहेत, वेळ आहे, सुरक्षा आहे, त्यांना न जाण्याची एक सभ्य सबब या तंत्रज्ञानानं मिळू शकते. पूरग्रस्त देशात, युद्धग्रस्त शहरात आकृती पाठवायची, दोन शब्द सहानुभूतीचे बोलायचे, आणि चिखल बुटाला लागू द्यायचा नाही. दुर्बळाची प्रतिमा म्हणते, 'मला येता येत नाही.' बलवानाची प्रतिमा म्हणते, 'मला यायची गरज वाटली नाही.' यंत्र एकच, अर्थ उलटे.

झेलेन्स्की २१ डिसेंबर २०२२ ला वॉशिंग्टनला प्रत्यक्ष गेले. युद्ध सुरू झाल्यानंतरचा त्यांचा तो पहिला जाहीर परदेश दौरा. मार्चमध्ये त्याच अमेरिकी संसदेला ते व्हिडिओवरून बोलले होते, तरीही गेले. २० फेब्रुवारी २०२३ ला ऐंशी वर्षांचे अध्यक्ष बायडेन पोलंडहून सुमारे दहा तास रेल्वेनं प्रवास करून कीव्हला पोचले. दोघांकडेही जगातलं उत्तम दळणवळण होतं. बोलायचं होतं ते फोनवरही बोलता आलं असतं. प्रवासाचा धोका पत्करला, हेच त्यांना सांगायचं होतं.

तेव्हा यापुढे एखादा पुढारी परक्या व्यासपीठावर प्रकाशाच्या रूपात उभा राहिलेला दिसला, तर चित्र किती हुबेहूब आहे यात फार अडकू नका. दोन प्रश्न विचारा. त्याला येता आलं असतं का? आणि आला असता, तर त्यानं काय पणाला लावलं असतं?

इथे थांबतो. आता तुमचे प्रश्न घेऊ.